रणगाडा आवडीचा, कारभार कोलकात्याचा!

कोलकात्यात ईडन गार्डनवर क्रिकेटचा मोठा सामना असला की आजूबाजूच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मैदानाच्या या परिसरातच शहीद खुदिराम बोस मार्ग आहे. इंग्रजांच्या अमदानीत हाच ऑकलंड रोड होता. या रस्त्यावर 'आयुध भवन' नावाची एक सरकारी कचेरी आहे. सामन्याला निघालेल्यांपैकी तिच्याकडे मान वळवून पाहणारा विरळाच! बॉम्ब फेकला म्हणून इंग्रजांनी ज्या कोवळ्या पोराला १९०८ मध्ये फासावर चढवले, त्या खुदिरामच्या नावाच्या रस्त्यावर देशातल्या सगळ्या सरकारी तोफा-बंदुकांच्या कारखान्यांचे मुख्यालय २०२१ पर्यंत होते, हा योगायोगही फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

जवानाच्या अंगावरच्या गणवेशापासून तोफेच्या गोळ्यापर्यंत लष्कराला लागणाऱ्या असंख्य वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांचा कारभार कोलकात्यातून चालत असे. त्याच कारभारात एक भलेमोठे धूड होते. वजन सुमारे ३९ टन, आत माणसे चार, नाव 'विजयंता'. स्वतंत्र भारतात मोठ्या संख्येने तयार झालेला हा पहिला रणगाडा. तो बनत होता मद्रासजवळच्या आवडी या गावी. (गावाचे नाव मराठी कानाला भलतेच गोड वाटते, पण त्याचा आपल्या आवडीनिवडीशी काही संबंध नाही!) त्याचा आराखडा काढला होता इंग्लंडात. आणि तो बनवणाऱ्या कारखान्याचे वरिष्ठ बसत होते हावड्याहून मद्रास मेलने सोळाशेहून जास्त किलोमीटर अंतरावर, कोलकात्यात.

रणगाड्याचा कारभार कोलकात्यात का, या प्रश्नाचे उत्तर ईस्ट इंडिया कंपनीकडे जाते. कंपनीने १७७५ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये शस्त्रसामग्रीचे मंडळ नेमले. १७८७ मध्ये शहराच्या उत्तरेला ईशापूर येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना निघाला. १८०१ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १८ मार्च १८०२ रोजी तिथे काम सुरू झाले. हीच तारीख पुढे आयुध निर्माणी दिवस म्हणून पाळली जाऊ लागली. दमदमच्या कारखान्यातल्या गोळीने तर त्या गावाचे नाव जगभर बदनाम केले. राजधानी १९११ मध्ये दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, व्हाइसरॉय गेला, फायली गेल्या, पण तोफखान्याचा कारभार मात्र हुगळीकाठीच राहिला. स्वातंत्र्यानंतरही तो तिथून हलला नाही.

स्वतंत्र भारताच्या लष्कराचा रणगाड्यांशी परिचय इंग्रजांमुळेच झालेला. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन आणि स्टुअर्ट या अमेरिकन रणगाड्यांवर पहिली काही वर्षे निघाली. मग पन्नाशीच्या दशकात ब्रिटनचा 'सेंच्युरियन' आला. या सेंच्युरियनचा जन्मच मुळी चुकामूक होऊन झालेला. जर्मनांच्या टायगर आणि पँथर रणगाड्यांपुढे ब्रिटिश रणगाडे कुचकामी ठरू लागले, तेव्हा १९४३ मध्ये त्याच्या रचनेला सुरुवात झाली. त्याचे सहा नमुने युरोपात पोहोचले मे १९४५ मध्ये. तोवर हिटलर संपला होता आणि युद्धही! ज्या लढाईसाठी तो बनवला, ती त्याला दिसलीच नाही. पुढे मात्र त्याने कोरिया, पश्चिम आशिया आणि पंजाब अशा अनेक रणांगणांवर नाव काढले.

सेंच्युरियन होता ५० टनांच्या पुढचा. त्याच्या पोटात रोल्स रॉइसचे 'मीटिऑर' इंजिन होते. स्पिटफायर विमानाला उडवणाऱ्या मर्लिन इंजिनाचेच हे जमिनीवरचे भावंड. ते पेट्रोल अक्षरशः ढोसत असे. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. पण त्याच्या बुरुजाचे समोरचे पोलाद सुमारे १५० मिलिमीटर जाड होते. आतल्या माणसांना ते घराच्या भिंतीसारखे वाटे.

भारताला हवा होता स्वतःच्या कारखान्यात बनवता येईल असा रणगाडा. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९६१ मध्ये, ब्रिटनच्या विकर्स कंपनीशी करार झाला. विकर्सने रणगाड्याची रचना करायची, पहिली खेप स्वतः बनवून द्यायची आणि भारतात कारखाना उभा करायला मदत करायची, असा हा सौदा. गंमत अशी, की हा रणगाडा ब्रिटिश लष्करासाठी नव्हताच. ब्रिटनचे लष्कर तेव्हा १२० मिलिमीटर तोफेचा, ५० टनांहून जड 'चीफ्टन' तयार करण्यात गुंतले होते. विजयंता ही खासगी कंपनीने गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे शिवलेली बंडी होती.

आणि ऐपत हाच इथे कळीचा शब्द. रणगाड्याची रचना म्हणजे मध्यमवर्गीय घरातले महिन्याचे अंदाजपत्रक. पगार ठरलेला असतो, घरभाडे वाढले की किराण्याला कात्री लागते. रणगाड्यात 'पगार' म्हणजे वजन. ते तोफ, चिलखत आणि वेग या तिघांत वाटून द्यायचे. विकर्सच्या अभियंत्यांनी तोफेवर सढळ हाताने खर्च केला. वेगासाठीही बरेच राखले. कात्री लागली ती चिलखताला. विजयंताचे सर्वांत जाड पोलाद होते ८० मिलिमीटर, म्हणजे सेंच्युरियनच्या जवळजवळ निम्मे. त्या बदल्यात तो ताशी ४८ किलोमीटर धावे. 'चपळ असेल तो वाचेल' हा त्या काळातला अनेक देशांचा सिद्धांत होता. जर्मनांचा लेपर्ड आणि फ्रेंचांचा एएमएक्स-३० हेही याच वाटेने गेले. कागदावर हा सिद्धांत शोभतो. पण नेम धरून बसलेल्या शत्रूसमोर ज्या चौघांना त्या ८० मिलिमीटरच्या आड बसायचे असते, त्यांना तो कितपत पटत असेल, हा प्रश्न उरतोच.

तोफ मात्र अव्वल! तिची जन्मकथाही एखाद्या हेरकथेत शोभणारी. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला. त्या धामधुमीत बंडखोरांनी रशियाचा एक टी-५४ रणगाडा बुडापेस्टमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आणून उभा केला. वकिलातीतल्या लष्करी अधिकाऱ्याला तो आयताच न्याहाळायला मिळाला. त्याच्या पाहणीतून निष्कर्ष निघाला, की सेंच्युरियनवरची २० पौंडी तोफ या पोलादापुढे कमी पडेल. मग ब्रिटनने १०५ मिलिमीटरची 'एल-७' तोफ घडवली, तीही अशी की जुन्या सेंच्युरियनच्या बुरुजात विशेष तोडफोड न करता बसावी. १९५९ मध्ये ती आली आणि पुढे अमेरिका, जर्मनी, इस्रायल, जपान अशा कितीतरी देशांनी आपापल्या रणगाड्यांवर चढवली. विजयंतालाही हीच तोफ मिळाली. भारताने नंतर आपल्या रशियन टी-५५ रणगाड्यांवरही १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. ज्या रशियन पोलादाला भेदण्यासाठी हा व्यास ठरला, त्याच पोलादाच्या डोक्यावर तो जाऊन बसला!

अंतर मोजण्याची विजयंताची युक्तीही साधी होती. तोफेला जोडून एक १२.७ मिलिमीटरची मशीनगन असे. आधी तिच्या चमकत्या गोळ्या सोडायच्या. त्या लक्ष्यावर आदळताना दिसल्या, की अंतर बरोबर, मग मोठी तोफ डागायची. ना भारी उपकरण, ना भारी शिक्षण. खर्च कमी आणि शिपायाला दोन दिवसांत समजेल अशी रीत. मात्र जवळजवळ १,८०० मीटरपलीकडे ती चालत नसे.

पहिले नमुने १९६३ मध्ये तयार झाले. तोवर दिल्लीत बरेच काही घडून गेले होते. चीनच्या युद्धात मेनन यांचे मंत्रिपद गेले होते आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत दाखल झाले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी माणसाला तेव्हापासून पाठ आहे. त्याच महिन्यात लष्कराची सूत्रे हाती घेणारे सेनापती मात्र बंगाली होते, हे कमी जणांना आठवते. जनरल जयंतनाथ चौधरी हे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचे नातू. कोलकात्याच्या सेंट झेविअर्सचे विद्यार्थी, पुढे सँडहर्स्टमध्ये शिक्षण आणि पेशाने घोडदळातले, म्हणजेच रणगाड्यांतले अधिकारी. १९४८ च्या हैदराबाद कारवाईत चिलखती डिव्हिजन त्यांच्याच हाताखाली होती. १९६१ ची गोवामुक्तीची कारवाई झाली तेव्हा पुण्याला दक्षिण कमांडचे प्रमुखही तेच होते. लष्करी नोकरीत असतानाच ते कोलकात्याच्या 'स्टेट्समन'मध्ये नाव न देता लष्करी विषयांवर लिहीत, ही गोष्ट पुढे उघड झाली. कऱ्हाडचा मंत्री आणि कोलकात्याचा सेनापती अशी ही जोडी १९६५ च्या युद्धाला सामोरी गेली.

ते युद्ध विजयंताच्या वाट्याला आले नाही. ब्रिटनहून त्याची पहिली खेप येऊ लागली होती, आवडीचा कारखाना नुकता आकार घेत होता. लढले ते सेंच्युरियन आणि जुने शर्मन. पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन होते, त्या मानाने बरेच आधुनिक. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे तिसऱ्या कॅव्हलरीच्या सेंच्युरियननी उसाच्या शेतात दबा धरला आणि पॅटनचा फडशा पाडला. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांनी जखमी असूनही माघारी जायला नकार दिला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या या पारशी वीराला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सेंच्युरियनचे जाड पोलाद आणि गोलंदाजाला चटकन हाताळता येणारी साधी यंत्रणा यांचे गोडवे नंतर अनेक अभ्यासकांनी गायले.

याच युद्धात आणखी एक गोष्ट घडली. अमेरिका आणि ब्रिटन या दोघांनीही भारत व पाकिस्तानला होणारा शस्त्रपुरवठा रोखला. रणगाडा कितीही चांगला असो, त्याचा सुटा भाग परक्याच्या गोदामात असेल तर लढाईच्या दिवसांत मालक आपण नसतो. आवडीचा कारखाना का हवा, याचे याहून वेगळे स्पष्टीकरण कुणाला द्यावे लागले नाही.

पहिले ९० विजयंता विकर्सने इंग्लंडात बनवले. मग आवडीने काम हाती घेतले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २,२०० रणगाडे बनवले. ज्या देशात तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्या देशाने ३९ टनांचा रणगाडा, त्याचे इंजिन, त्याची तोफ घरी तयार करायला शिकावे, ही लहानसहान गोष्ट नव्हती. कोलकात्याजवळच्या ईशापूरची धातू व पोलाद निर्माणी तोफांच्या नळ्यांसाठी लागणारे पोलाद आणि घडीव ठोकळे तयार करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तोफेच्या नळीला साधे लोखंड चालत नाही. दर बाराला आतला दाब आणि उष्णता सोसून ती पुन्हा सरळच राहिली पाहिजे. म्हणून तापलेला ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवायचा, मग तो ठरावीक रीतीने तापवायचा, थंड करायचा आणि त्यानंतरच कोरायचा. हे कसब पुस्तकातून येत नाही. ते भट्टीपाशी उभे राहून, बापाकडून लेकाकडे यावे तसे, एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे येते.

विजयंताचे दुखणे होते त्याच्या पोटात. लेलँड कंपनीचे 'एल-६०' इंजिन हा एक अजब प्रकार होता. सिलिंडर सहा, पण दट्टे बारा. प्रत्येक सिलिंडरात दोन दट्टे समोरासमोरून एकमेकांकडे धावत येत आणि मधल्या जागेत इंधनाचा स्फोट होई. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, जे मिळेल त्यावर ते चालावे अशी अपेक्षा होती, कारण युरोपच्या युद्धात कुठले इंधन हाती लागेल याचा भरवसा नाही, असे तेव्हाच्या नाटो देशांचे मत. कल्पना चांगली होती, पण सगळ्या सासरच्यांना खूश ठेवू पाहणाऱ्या सुनेसारखी इंजिनाची दमछाक झाली. सिलिंडरची सीले गळायची, पाणी जिथे जाऊ नये तिथे जायचे, इंजिन तापायचे. ब्रिटनचा चीफ्टनही याच इंजिनामुळे बदनाम झाला. राजस्थानच्या वाळूत आणि उन्हात तर या इंजिनाची सत्त्वपरीक्षाच होती.

इथेच खरी गोम आहे. विकर्सने आपल्या पुढच्या आवृत्तीत, जी केनिया आणि नायजेरियाने घेतली, हे इंजिन सरळ काढून टाकले आणि अमेरिकेचे ७२० अश्वशक्तीचे जनरल मोटर्सचे इंजिन बसवले. म्हणजे ज्याने रणगाडा रचला, त्याने स्वतःची चूक काही वर्षांत दुरुस्त केली. भारत मात्र ५३५ अश्वशक्तीचे तेच इंजिन बनवत राहिला. रणगाड्याची अंगलट विकर्सने ठरवलेली. तो वापरणारे लष्कर दिल्लीच्या सेना मुख्यालयाचे. तो बनवणारा कारखाना कोलकात्याच्या अखत्यारीतला. संशोधन करणारी डीआरडीओ ही १९५८ पासून तिसरीच संस्था. तक्रार एकाची, उपाय दुसऱ्याकडे, मोजमाप तिसऱ्याचे! कोलकात्याहून सुटणाऱ्या आदेशात यंदा किती रणगाडे, हा आकडा असायचा. रणगाडा बदलण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी मात्र कुठल्याच एका टेबलावर नव्हती. आवडीच्या कामगारांना किंवा ईशापूरच्या लोहारांना यात दोष देता येणार नाही. त्यांनी नकाशात होते तसे बनवले. नकाशा का तसा काढला, हे विचारण्याची सोय त्यांना कुणी ठेवली नव्हती.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इंजिन बदलून, चिलखत आणि नेमयंत्रे सुधारून विजयंताला नवे आयुष्य द्यायची 'बायसन' नावाची योजना आखली गेली, पण ती सोडून द्यावी लागली. याउलट त्याच्या सांगाड्याचे काही उपयोग मात्र झकास निघाले. सांगाडा थोडा लांबवून त्यावर रशियाची १३० मिलिमीटरची तोफ बसवली आणि 'कॅटापल्ट' तयार झाली. पूल टाकणारा 'कार्तिक'ही याच सांगाड्यावर उभा राहिला. या कामांमागे एक नगरी धागा आहे. फाळणीच्या वेळी चकलाल्याहून अहमदनगरला आलेल्या लष्करी वाहनांच्या तपासणी केंद्रातून व्हीआरडीई ही संशोधन संस्था वाढली. विजयंताच्या मदतीसाठी तिची एक तुकडी आवडीला गेली आणि १९७६ मध्ये तीच 'सीव्हीआरडीई' म्हणून स्वतंत्र झाली. भारतीय रचनेचा 'अर्जुन' रणगाडा, ज्याला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली होती, तो याच संस्थेने घडवला. तो लष्कराच्या हाती पडायला २००४ उजाडले. आणि त्याचे इंजिन? जर्मन!

बंगालचा आणि रणगाड्याचा तसा संबंध कचेरीपुरताच असायचा. नद्या, खाड्या आणि भाताची चिखलाची शेते, यांत पन्नास टनांचे धूड काय करणार? १९७१ मध्ये जेसोर आघाडीवर गरीबपूरच्या लढाईत उतरले ते पाण्यात तरंगणारे, १४ टनांचे रशियन पीटी-७६. त्यांनी २१ नोव्हेंबरला पाकिस्तानचे चॅफी रणगाडे लोळवले. इकडे पश्चिमेला बसंतरच्या लढाईत पुन्हा जुना सेंच्युरियनच नाव करून गेला. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या 'फॅमागुस्टा' रणगाड्यात लढता लढता १६ डिसेंबरला हुतात्मा झाले, तो सेंच्युरियन होता. त्यांचे वय होते २१.

शिर्डी-शनिशिंगणापूरला जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेत अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात तासभर जरूर काढावा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन आणि विजयंता दोन्ही पाहायला मिळतात. मुलांना सेंच्युरियनच्या बुरुजाची रुंद छाती दाखवावी आणि मग शेलाट्या विजयंतापाशी न्यावे. पोलादाचा हिशेब त्यांना न सांगता कळेल.

विजयंता २००० नंतरच्या दशकात लष्करातून निवृत्त झाला. काहींचे बुरुज सीमेवर जमिनीत पक्के रोवून त्यांचे मोर्चे केले गेले. काही देशभरच्या चौकांत आणि महाविद्यालयांच्या दारात चौथऱ्यावर चढले.

आणि कोलकाता? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले. ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. आवडीचा रणगाडा कारखाना आता आवडीतच मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे आणि आपल्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही तिच्याच ताब्यात आहे. काशीपूरचा दोनशे वर्षे ओलांडलेला तोफांचा कारखाना कानपूरच्या कंपनीकडे गेला. ईशापूरच्या पोलाद भट्ट्यांचे मुख्यालय तर आता नागपूरला आहे! आयुध भवनात मागे उरले आहे ते या सगळ्यांमधल्या समन्वयाचे काम.